शारदा कॉलनीचा बोळ

बोळ बंद करायचं ज्या बैठकीत ठरलं तिला मी हजर नव्हतो, आणि म्हणूनच मी बोळ बंद समितीचा अध्यक्ष झालो. आमच्या शारदा कॉलनीची ही जुनी रीत आहे. हजर असलेले लोक आधी एकमेकांकडे बघतात, मग सतरंजीकडे बघतात, आणि मग कुणीतरी गैरहजर माणसाचं नाव सुचवतं. ते एकमताने मंजूर होतं, कारण विरोध करू शकणारा एकमेव माणूस तिथे नसतो. मी त्या वेळी गच्चीवर पाण्याच्या टाकीत उतरून टाकी घासत होतो. काकासाहेब खालून म्हणाले, "भालसिंग सर, अभिनंदन." टाकीत आवाज घुमतो. मला वाटलं, आदर्श शिक्षकाचं काहीतरी आलं असावं. मी ओल्या कपड्यांनिशी घाईघाईने खाली आलो आणि अध्यक्ष होऊन परत वर गेलो.

काकासाहेब म्हणजे निवृत्त सर्कल, महसूल खात्यातले मंडळ अधिकारी. सगळी नोकरी त्यांनी लोकांच्या बांधाचे तंटे मिटवण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर त्यांना तंट्यांवाचून करमेनासं झालं.

बोळाची हकिगत अशी. शेवगावकडून आमच्या गावात शिरलं की आधी आमची कॉलनी लागते आणि तिच्या मागे जुनी पेठ. दोन्हींच्या मध्ये एका अंगाला सोसायटीचं खताचं गोदाम आणि दुसऱ्या अंगाला कधीची बंद पडलेली कापसाची जिनिंग. त्या दोन भिंतींमधून दोन माणसं अंग चोरून एकमेकांना ओलांडतील एवढा बोळ जातो. पेठेतल्यांना दवाखाना आणि शाळा आमच्याकडे, आणि आम्हाला पिठाची गिरणी, भाजी, शिलाई सगळं त्यांच्याकडे. दिवसभर बोळातून वर्दळ असायची. दिवेलागण झाली की मात्र तिथे एक टोळकं येऊन बसायचं. बाटल्या, पत्ते, गुटख्याच्या पिचकाऱ्या, मोठमोठ्याने बोलणं. कुणाच्या अंगाला हात लावल्याचं ऐकिवात नव्हतं, पण बायकांनी त्या वेळी तिकडून जाणं सोडलं होतं. आमच्या हिच्या, म्हणजे ज्योतीच्या, चपलेत एकदा बाटलीची काच घुसली, तेव्हापासून कॉलनीतल्या चर्चेला धार आली.

काकासाहेबांचं म्हणणं सरळ होतं. "राळेगणला दारू बंद झाली. हिवरे बाजारला चराई बंद झाली. आपल्याला एक बोळ बंद करता येऊ नये?"

ज्योतीला हे पटत नव्हतं. ती म्हणाली, "चप्पल बदलता येते. गिरणी कुठून आणणार आहात?" पण ज्योती समितीत नव्हती. समितीत मी होतो.

मला अध्यक्ष करण्यामागे आणखी एक कारण होतं, ते मला नंतर कळलं. मी शाळेत चित्रकला शिकवतो. बोळ बंद करायचा तर फलक लागणार, आणि अध्यक्षच फलक लिहिणारा असला म्हणजे दुसऱ्या कुणाच्या पाया पडायला नको. मी पांढऱ्या पत्र्यावर लाल ऑइलपेंटने झकास अक्षरात लिहिलं, 'येथे बसण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.' कुणाच्या आदेशावरून ते लिहावं असं माझं मत होतं. काकासाहेब म्हणाले, आदेशाला नाव चिकटलं की त्याची भीती जाते.

फलकाचा काय परिणाम होतो ते बघायला मी संध्याकाळी गेलो. परिणाम झाला होता. टोळक्यातला एकही जण बसलेला नव्हता. सगळे भिंतीला टेकून, हातात ग्लास घेऊन उभे होते. मला बघताच त्यातला एक पुढे आला, ग्लास दुसऱ्याच्या हातात देऊन माझ्या पाया पडला. तो वाल्मिक होता. पेठेच्या तोंडाशी त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. शाळेत मी त्याला पाचवीपासून दहावीपर्यंत शिकवलं आणि त्या सगळ्या वर्षांत त्याने माझ्या तासाला फक्त आंबा काढला.

"सर, तुमचं अक्षर म्या लांबूनच वळखलं," वाल्मिक म्हणाला. "पोरांना म्हणलं, सरांनी लिवलंय, बसायचं न्हाई. तवापासून उभेच हाओत. पाय दुखाया लागले, पन शब्द मोडला न्हाई."

यावर शिक्षकाने काय बोलावं? मी "बरं, बरं" म्हणून परत आलो. शिकवल्याचं चीज झालं असं वाटावं की पृथ्वीने पोटात घ्यावं असं वाटावं, हे मला घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही.

मग फाटक लावायचं ठरलं. त्याला परवानगी हवी म्हणून मी आणि काकासाहेब ग्रामपंचायतीत गेलो. तिथल्या निकिता मॅडम तरुण आणि फार नम्र. त्यांनी आम्हाला चहा सांगितला आणि नकाशा उलगडला. नकाशात गोदाम होतं, जिनिंग होती, आणि दोघांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या होत्या. बोळ नव्हता.

"सर, नकाशाप्रमाणे इथून माणूस जाऊच शकत नाही," मॅडम म्हणाल्या.

"अहो, मी आत्ता तिथूनच आलो."

"ते तुम्ही कसे आलात, ते मी विचारत नाही. पण जो रस्ता नाही तो बंद करायची परवानगी कशी देऊ? आधी तो आहे अशी नोंद करून घ्या. म्हणजे रस्ता खुला करण्यासाठी अर्ज करा. तो मंजूर झाला की मग बंद करण्यासाठी करा."

मला हे ऐकून घेरी आली, पण काकासाहेबांचा चेहरा उजळला. बाहेर पडताच ते म्हणाले, "सुटलो आपण. जे नाहीच ते बंद केलं तर हरकत कोण घेणार?" महसूल खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाचं डोकं कुठल्या बाजूने चालेल ते सांगता येत नाही.

आता फाटक करायचं कुणाकडून? ऊसतोडणीचा हंगाम तोंडावर आलेला. तालुक्यातले सगळे वेल्डर ट्रॉल्यांची कामं घेऊन बसले होते. शेवगावच्या एकाने दिवाळीनंतर या म्हणून सांगितलं. कुठल्या दिवाळीनंतर ते सांगितलं नाही. शेवटी काकासाहेबांनी एक माणूस गाठला आणि तो सकाळी माप घ्यायला आला. तो वाल्मिक होता.

मी काकासाहेबांना बाजूला घेऊन म्हणालो, "अहो, ज्याच्यासाठी फाटक लावायचं, त्याच्याकडूनच करून घ्यायचं?"

"त्यात काय? चोरानं कुलूप चांगलं केलं तर ते वाईट थोडंच होतं?"

वाल्मिकला काहीच वाटलेलं दिसलं नाही. त्याने मनापासून माप घेतलं आणि म्हणाला, "सर, नक्षी तुमी काढून द्या. आपल्या दोघांचं काम गावात राहील." मला मोह झाला. मी दोन रात्री जागून फाटकासाठी उगवत्या सूर्याचं चित्र काढलं, किरणं चहूकडे फाकलेली, प्रबोधनाचं प्रतीक म्हणून. वाल्मिकने ते लोखंडी पट्ट्यांत उतरवलं. किरणं सगळी खालच्या दिशेला आली. फाटक उभं राहिल्यावर पहिल्याच बाईने विचारलं, "फणी कशासाठी काढली हो?" तेव्हापासून त्याला फणीचं फाटक म्हणतात. नारळ वाल्मिकनेच फोडला. कुलूप काकासाहेबांनी लावलं आणि किल्ली बंडीच्या आतल्या खिशात ठेवली, जिथे पूर्वी ते सरकारी शिक्का ठेवत असत.

फाटक बोळाच्या कॉलनीकडच्या तोंडाला होतं. पेठेकडचं तोंड मोकळं होतं. याचा अर्थ काय होतो, हे आमच्या समितीत एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. समितीत तीन शिक्षक आणि एक इंजिनियर होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फाटकाशी गेलो. आत वाल्मिक आणि मंडळी चटई टाकून बसली होती. एकाने तर उशी आणली होती. मला बघून वाल्मिक गजांपाशी आला.

"सर, लई उपकार झाले. आदी सारखं कुनी ना कुनी जायचं-यायचं. पाय आखडून घ्यावे लागायचे. आता कसं, खोलीसारखं झालं."

"आणि फलकाचं काय? बसायचं नाही ना?"

"फलक फाटकाच्या भायेर हाय सर. आमी आत हाओत."

फलक खरंच बाहेर होता. मी तो वाचत घरी परतलो.

बोळ बंद झाल्यामुळे खरी बैठक मोडली ती आमच्या घरातली. गव्हाचं पीठ संपलं. गिरणीला जायचं तर आता मुख्य रस्त्याने, बाजारतळावरून, कारखान्याच्या रस्त्याला लागून पेठेत मागून शिरायचं. ज्योतीने डबा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "अध्यक्ष, निघा."

मी डबा स्कूटरच्या पायात ठेवून निघालो. जाताना सगळं ठीक झालं. दळण घेऊन परत येताना मात्र उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे अडकलो. पुढे ट्रॉली, मागे ट्रॉली, ट्रॅक्टरवर गाणी लावलेली, आणि मध्ये मी, दोन गुडघ्यांत गरम पिठाचा डबा धरून. एका ट्रॉलीतून उसाची मोळी घसरली, ती चुकवायला मी ब्रेक दाबला, आणि डब्याचं झाकण उडालं. पुढचं मला नीट दिसलं नाही. दिसायला लागलं तेव्हा बसस्टँडवर माझ्या नववीच्या वर्गातल्या सगळ्या मुली उभ्या होत्या आणि अत्यंत शिस्तीने दुसरीकडे बघत होत्या. एकीनेही हसू फुटू दिलं नाही. माणसाला याच्याइतका अपमान दुसरा नसतो. हसल्या असत्या तर मी रागावू तरी शकलो असतो.

घरी आलो तर ओट्यावर सत्तारभाई बसले होते. गिरणी त्यांचीच. मी दळण घेऊन निघालो तेव्हा ते गिरणीवर नव्हते. माझ्याकडे यायला तेही त्याच रस्त्याने निघाले होते, फक्त पायी, म्हणून माझ्याआधी पोहोचले. माझ्या अंगावरचं पीठ त्यांनी ओळखलं असणार. ज्योतीने पाणी दिलं. ते त्यांनी सावकाश प्यायलं.

"सर, एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "आमच्याकडून काही चुकलं का?"

"कशाबद्दल?"

"न्हाई, पेठेत लोक म्हणतात, कॉलनीवाल्यांनी आपल्यासाठी फाटक लावलं. आपण गेलेलं त्यांना नको असंल. मी म्हणलं, सरांना मी वळखतो. काहीतरी दुसरं कारण असंल. म्हणून विचारून यावं म्हणलं."

मी त्यांना दारूचं सांगितलं. टोळक्याचं सांगितलं. ते ऐकत होते आणि मान हलवत होते.

"त्या पोरांचा आमालाही तरासच हाय," ते म्हणाले. "पण आमी समजत हुतो ती कॉलनीची पोरं हायेत. दोघं तर तुमच्या कडेच्याच घरातले हायेत ना?"

होते. दोघं आमच्या कॉलनीतलेच होते. एक समितीतल्या इंजिनियरचा धाकटा भाऊ होता. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि एकानेही बैठकीत उच्चारलं नव्हतं. आम्ही म्हणायचो, त्या बाजूची माणसं. ते म्हणायचे, या बाजूची. टोळकं मात्र दोन्हीकडचं होतं आणि गावात त्याच्याइतका एकोपा दुसरीकडे कुठेच नव्हता.

सत्तारभाई गेल्यावर ज्योतीने त्यांचा पेला उचलून आत नेला. मी अंगावरचं पीठ झटकत राहिलो. गेली किती वर्षं आमच्या घरातलं पीठ त्या माणसाच्या हातून येत होतं, आणि तो मला विचारायला आला होता, की त्याचं काय चुकलं.

मी काकासाहेबांकडे गेलो आणि फाटक काढू या म्हणालो. ते म्हणाले, "काढायचं कशाला? दुसऱ्या तोंडालाही एक लावू. म्हणजे आत कुणीच जाणार नाही." मी म्हणालो, मग बोळ कशासाठी राहील? ते म्हणाले, "राहायचा प्रश्नच नाही. तो नकाशात नाहीच." आणि ते मुलीकडे पुण्याला निघून गेले. किल्ली बंडीत होती. बंडी त्यांच्या अंगावर होती.

याच सुमाराला ज्योतीच्या भाचीचं लग्न आलं. घरातल्या सगळ्या बायकांची पोलकी शिवायला सत्तारभाईंच्या घरी, सरवरीभाभींकडे टाकलेली. सरवरीभाभींचे गुडघे दुखतात. त्या मुख्य रस्त्याने येऊ शकत नव्हत्या. आणि ज्योती माझ्या स्कूटरवर बसायला तयार नव्हती. त्यामुळे एका दुपारी त्या दोघी फाटकाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि सरवरीभाभींनी गजांमधून हात घालून माप घेतलं.

"ताई, जरा वळा. फणीच्या दाताला पदर अडकतोय."

"भाभी, बाही जरा सैल ठेवा. मागच्या वेळी जेवल्यावर घट्ट झाली होती."

दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. तिसऱ्या दिवशी वाल्मिकची बायको सविता भाजीची पाटी घेऊन आली. तिची निम्मी गिऱ्हाइकं कॉलनीतली. बोळ बंद झाल्यापासून तिची मेथी घरीच सुकत होती. तिने फाटकाच्या आत, नेमकं टोळकं बसायचं तिथेच, गोणपाट अंथरलं आणि गजांतून जुड्या द्यायला लागली. भाजी घ्यायला आलेल्या बाया थांबायला लागल्या. थांबलेल्या बसायला लागल्या. अलीकडच्यांनी घरून पाट आणले, पलीकडच्यांनी पोती. कुणी मेथी निवडायचं, कुणी पोलक्याला हूक लावायचं, कुणी नुसतंच बोलायचं. पूर्वी बोळातून बायका जात होत्या. दोन शब्द बोलून पुढे जायच्या. फाटकामुळे आता पुढे जायलाच जागा नव्हती, म्हणून त्या थांबल्या.

दिवेलागणीला वाल्मिक आणि मंडळी चटई घेऊन आली, तेव्हा मी फाटकापाशी ज्योतीची पिशवी धरून उभा होतो. वाल्मिक बोळाच्या तोंडाशी थबकला. सविता त्याच्या नेहमीच्या जागेवर, पाय पसरून बसली होती.

"काय वो?" ती म्हणाली.

"काय न्हाई. हिकडून चाल्लो हुतो."

"हिकडून कुठं? हिकडं तर फाटक हाय. तुमीच केलंय न्हवं?"

वाल्मिकने चटईकडे बघितलं. मागच्या मंडळींकडे बघितलं. मागे मंडळी उरली नव्हती. तो म्हणाला, "तुला चटई आनली. गोनपाट टोचत असंल." आणि चटई तिच्याजवळ ठेवून तो निघून गेला.

पुढचे काही दिवस त्यांनी जिनिंगच्या मागे बसून बघितलं; तिथे डास फार. मग ओढ्याकाठी बसून बघितलं, तिथे अंधार. आता ती मंडळी कुठे बसतात ते मला नक्की माहीत नाही. वाल्मिकने दारू सोडली असं मी म्हणणार नाही. पण संध्याकाळी तो दुकानातच असतो, आणि दुकानातून गजावर गज आपटल्याचा आवाज येतो, एवढं खरं.

बायकांचा जमाव वाढला तसं फाटक मध्ये येऊ लागलं. निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे, आणि बोलताना सूर्याच्या किरणांमधून डोकावायचं. कॉलनीतल्या बायकांनी मला सांगितलं, काढा. मी म्हणालो, किल्ली पुण्याला आहे. सविता उठली, दुकानात गेली आणि वाल्मिकला घेऊन आली. वाल्मिकने फाटकाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि ते कुलपासकट वर उचलून बिजागरीतून काढलं.

मी विचारलं, "असं निघतं हे? मग कुलूप कशाला लावलं होतं?"

"कुलूप काकासायबांनी लावलं," वाल्मिक म्हणाला. "म्या फक्त फाटक लावलं. आमाला हिकडून यायचं झालं तर म्हणून जरा सोय ठिवली हुती, सर. पन कदी लागली न्हाई."

फाटक जिनिंगच्या भिंतीला टेकवून ठेवलं. त्याच्या दातांवर आता शेवयांची चादर वाळत असते. काकासाहेब पुण्याहून आले, त्यांनी बोळात नीट पाहणी केली, एकही बाटली नाही याची खात्री करून घेतली, आणि पुढच्या बैठकीत बोळ बंद मोहीम पूर्ण यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. माझ्या अभिनंदनाचा ठराव मांडला. या वेळी मी हजर होतो, त्यामुळे ठरावावर बरीच चर्चा झाली.

परवा संध्याकाळी पीठ संपलं. मी डबा घेऊन बोळाकडे गेलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत बायका बसलेल्या. मध्ये कुणाच्यातरी बारशाचं बोलणं चाललं होतं, आणि ते अशा ठिकाणी आलं होतं की मी दिसताच सगळ्या गप्प झाल्या. पाय ठेवायला जागा नव्हती. सरवरीभाभींनी पदर सावरला, सविताने पाटी जवळ ओढली, आणि ज्योती म्हणाली, "अहो, आम्ही आत्ताच मांडून बसलोय. तुम्ही रस्त्यानं जा ना."

मी मुकाट्याने वळलो. बाजारतळाशी मला वाल्मिक भेटला. तोही पेठेतच निघाला होता, तोही लांबून. त्याने काही न विचारता माझ्या हातातला डबा घेऊन खांद्यावर ठेवला. आम्ही दोघं उसाच्या ट्रॉल्यांच्या कडेने, धूळ खात, चालत राहिलो. हवा छान गार होती. तो ट्रॉलीच्या जोडणीबद्दल काहीतरी सांगत होता आणि मला ते ऐकायला बरं वाटत होतं.

गिरणीत सत्तारभाईंनी चहा मागवला. मग माझ्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघत म्हणाले, "सर, रस्त्यानं आलात? बोळातून नाय आलात?"

वाल्मिकने डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "बोळ बंद आहे."